अरेस्टेड आणि क्युअर्ड

बाळकुमच्या खाडीकाठी दुसऱ्याच्या मिठागरात आईवडील राबत. घरात सगळ्यांच्या टाचा भेगाळलेल्या, आणि भेगांत मीठ शिरलं की वडील रात्री तळपाय थंड भिंतीला लावून पडत. पावसाळ्यात काम नसे, तेव्हा पेजेवर दिवस काढायचे. मी शिकलो तो थोरल्या बहिणीमुळे. तिला आम्ही बाय म्हणत असू. माझ्या वाटचं काम तिनं स्वतःवर घेतलं आणि वडिलांना सांगितलं, "याला शाळंतून काढलात तर मी पन मिठाची पाटी उचलनार नाय."

लग्नानंतर थोड्याच वर्षांत बायला क्षय झाला. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, तिची लहान पोर मात्र ठेवून घेतली. मी तेव्हा मुंबईला कॉलेजात सायन्सला होतो. बायला कल्याणच्या इस्पितळात ठेवलं. स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं तेव्हा नवी होती. हळूहळू खोकला गेला, अंग भरलं. सोडताना डॉक्टर मला म्हणाले, "रोग अरेस्टेड आहे. क्युअर्ड म्हणायला अजून काही वर्षं जाऊ द्या. जंतू कोंडलेत, मेलेले नाहीत. जड काम केलं की पुन्हा उठतील."

मी बायला घेऊन तिच्या सासरी गेलो आणि हे समजावलं. दोन्ही शब्द सांगितले, फरक सांगितला. सासू म्हणाली, "थांबलाय ना? मंग झाली की बरी! तुमचं शिकलेल्यांचं येकाच दुखन्याला दोन नावं."

आमच्याकडे माणूस बरा झाला हे डॉक्टर ठरवत नसे. मिठानं भरलेली पाटी डोक्यावर घेऊन वाफ्यापासून राशीपर्यंत चालत गेला, की तो बरा. तोवर त्याला पंगतीला घेत नसत, पोरंही जवळ देत नसत. बायची पोर सासरच्या उंबऱ्यात उभी होती, आजीनं दंड धरून ठेवलेली.

परत येताना बाय म्हणाली, "किती दिवस थांबू?"

"निदान वर्षभर तरी थांब."

"तवर ती मना वलखल का रे?"

"मेलीस तर ओळखेल?" मी ओरडलो.

ती हसली. "अरेस झालाय तो रोग. बेडी त्याला घाल ना बाला, मना कशाला घालतोस?"

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेलो आणि तिनं पाटी उचलली. लोक बघत होते म्हणून दुपारपर्यंत उचलत राहिली. संध्याकाळी सासूनं पोर तिच्या मांडीवर दिली.

तो मोसम बायनं सासरी काढला. पाऊस तोंडावर आला, मीठ उचलायची घाई उडाली, आणि वाफ्याच्या बांधावर तिला खोकल्यातून रक्त पडलं. पुन्हा इंजेक्शनं दिली. या खेपेला ती लागू पडली नाहीत. श्रावणात बाय गेली.

लोक म्हणतात, अडाणी माणसं, त्यांना काय कळणार. मला हे पटत नाही. सासूचं मी सांगत नाही, पण बायला फरक चांगला कळला होता. तिला पोर हवी होती, आणि पोर मिळायला दुसरी वाट कोणी ठेवली नव्हती. तिला ती पोर एक मोसमभर मिळाली, याच्यावर मी समाधान मानावं असं आई म्हणायची. मला ते कधी जमलं नाही.

पुढच्या वर्षी मी बी.एस्सी. झालो, आमच्या वस्तीतला पहिला. भाचीला घरी आणली आणि तिच्या छातीचा फोटो काढून घेतला. फुप्फुसं स्वच्छ होती.