पालथा पेला

मला सूड घ्यायचा होता. न्याय हा शब्द काळा कोट घातल्यावर बोलायचा असतो. मीही बोलते, पोट त्याच्यावरच चालतं. पण त्या निवडणुकीत मला न्याय नको होता, आणि हे मी कुणाही न्यायाधीशासमोर उभी राहून सांगेन.

आमचं गाव निपाणीपासून हाकेच्या अंतरावर. माझी आई आणि माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, दोघी गावातल्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या. वखार ज्यांची, त्यांच्या घरातल्या कर्त्या माणसाला गाव पिढ्यान्‌पिढ्या ‘मालक’ म्हणतं. ज्यानं उभ्या जन्मात वखारीत पाऊल ठेवलं नाही, तोसुद्धा मालकच म्हणतो. त्या वखारीत पाण्याचा एक मोठा माठ होता, आणि आम्हा बौद्धांच्या बायकांसाठी एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा पेला वेगळा ठेवलेला होता. मागच्या भिंतीवर तो पालथा असायचा. पाणी प्यायचं, आपला आपण धुवायचा आणि परत पालथा घालायचा. आई कधी विसरली तर म्हातारी मालकीण, आताच्या मालकाची आई, आतून म्हणायची, "धुऊन पालथा घाल गं." शाळेच्या सुट्टीत आईला भाकरी द्यायला गेले की हे माझ्या कानावर पडायचं.

आक्कानं शाळा सोडून वखार धरली म्हणून मी शिकले. बेळगावला वकील झाले, घर बांधलं, गाडी घेतली. आक्काला मिळाला तो खोकला. तिच्या त्या खोकल्यावर माझी सनद उभी आहे, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

तर ही आक्का ग्रामपंचायतीला उभी राहिली. राखीव जागेवर नव्हे, खुल्या जागेवर, थेट मालकाच्या विरोधात. कारण एकच, पाणी. आमच्या गल्लीला पाणी सगळ्यांच्या शेवटी यायचं, ते पण करंगळीएवढं. वॉटरमन मालकाच्या शब्दाबाहेर नाही. आक्का म्हणाली, "किती वर्सं वराडायचं? चावी आपल्या हातात घ्यायची."

मालकाची सभा मी बेळगावात स्वयंपाकघरात उभी राहून मोबाईलवर बघितली. त्याच्याच माणसांनी ती थेट दाखवायला लावली होती, हौस केवढी. आधी रस्ते झाले, गटारं झाली, मग तो आक्कावर आला.

"ज्यांच्या हाताला आमच्या बापजाद्यांनी घागरीला शिवू दिलं न्हाय," तो म्हणाला, "त्यांच्या हातात आता गावच्या पाण्याची चावी द्यायची म्हणं. त्यांनी सोडलेलं पाणी प्याल काय रं?"

आमच्याकडं सभेत एक रीत आहे. वरून कुणी विचारलं की खालून उत्तर द्यायचं. काय विचारलं हे डोक्यात शिरायच्या आधी तोंडातून गेलेलं असतं. कीर्तनात तसं, शाळेच्या गॅदरिंगला तसं, इथं पण तसंच. खालून एका आवाजात आलं, "न्हाय!" आणि मग हशा. त्या हशात एक हसू मी लगेच ओळखलं. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याचं. ते आधी बारीक सुरू होतं आणि मग घोड्यागत खिंकाळतं. गावी गेले की ‘वकीलबाई आल्या, स्पेशल करा’ म्हणणारा तो माणूस. माझ्या हातातलं लाटणं हातातच राहिलं. मालकाच्या जिभेला हाड नाही हे जन्मापासून माहीत होतं. पण हसणाऱ्यांत निम्मे चेहरे आईच्या मयताला आलेले होते.

त्या दिवसापासून आक्का घराबाहेर पडेना. प्रचार राहिला बाजूला, ती नळाच्या कट्ट्यावरसुद्धा जाईना. सगळ्या बायका भरून गेल्या की मग कळशी घेऊन जायची, तोवर पाणी गेलेलं असायचं. मी गेले तर म्हणाली, "मला मतं नकोत गं. त्येंच्यासमोरनं चालत जायचं कसं, तेवढं सांग." मी तिथून उठले ती सरळ पोलीस ठाण्यात गेले.

तक्रार दिली. पीएसआय भला माणूस वाटला, पण म्हणाला, "साक्षीदार आणा मॅडम." साक्षीदार? अख्खं गाव होतं सभेला. मी दारोदार फिरले. कुणाची त्या दिवशी मान दुखत होती, कुणी मागं उभा होता, कुणाला ऐकूच आलं नव्हतं. हॉटेलवाला म्हणाला, "मी तवा दूध आणाय गेलतो बघा." मालकाच्या माणसांनी मोबाईलवरची सभा तोवर पुसून टाकली होती. माझ्याकडं ती उतरवून ठेवलेली आहे हे कळल्यावर मालक म्हणाला, हल्ली कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज बनवता येतो. आणि पुढच्या सभेत छातीवर हात ठेवून विचारलं, "आता आमच्या तोंडाला कुलूप घालणार म्हणं. बोलायचं स्वातंत्र्य हाय का न्हाय ह्या देशात?"

खालून आलं, "हाय!"

गंमत अशी, की हेच वाक्य मी बेळगावच्या कोर्टात कित्येकदा बोललेय. सीमाभागात कुणी मराठीत चार ओळींचं स्टेटस ठेवलं की पोलीस पोरांना उचलतात, आणि त्या पोरांच्या बाजूनं मी उभी राहते. त्या हिवाळ्यात द्वेष पसरवणाऱ्या भाषणांसाठी नव्या कायद्याची चर्चा चालली होती. तेव्हा बार रूममध्ये सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलत होते, की हे हत्यार उद्या आपल्याच मानेवर येणार. माझे सीनियर शांतपणे चहा पीत ऐकायचे. ते चिकोडीकडचे जैन, तंबाखूच्या शेतीतून वर आलेले, घरात कानडी आणि कोर्टात तिन्ही भाषा. आता मी आक्काची केस घेऊन त्यांच्यासमोर बसले तेव्हा म्हणाले, "परवापर्यंत तुमचं मत वेगळं होतं."

"परवापर्यंत माझ्या बहिणीला कुणी विचारलं नव्हतं, तुझ्या हातचं पाणी प्यायचं काय म्हणून," मी म्हणाले.

"हे द्वेषाच्या भाषणाचं कलम उद्या तुमच्या पोरांवर येईल."

"येऊ दे. तेव्हा तेव्हाचं बघू."

"हा कायदा नव्हे, बाई. हा राग आहे."

"राग आहे, सर. राग नसता तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

ते हसले नाहीत. म्हणाले, त्याला गप्प करायला जाल तर तो मोठा होईल. जाल तिकडं हुतात्मा म्हणून मिरवेल. हे त्यांचं बरोबर होतं, आणि बेळगाव-निपाणी रस्त्यावर गाडी चालवताना तेच माझ्या डोक्यात घोळत राहिलं. त्याला गप्प करायचं नाही. बरं. मग त्याला बोलू दे. इतकं बोलू दे, की ऐकून ऐकून गावाचे कान किटावेत.

आक्काच्या प्रचाराची रिक्षा दारात उभीच होती, भोंगा लावलेली, परवानगी असलेली. मी आक्काला माझा बेत सांगितला.

"मला परत त्येच ऐकाय लावतीस व्हय?"

"तू आत बस. मी एकटी फिरते."

"माझ्यामागं वाजवू नगंस," ती म्हणाली. "मी बी बसतो रिक्षात. फकस्त आपल्या गल्लीत लावू नगं. आपल्यांनी एकदा ऐकलंय, बास झालं."

सकाळी, बायका नळावर असतात त्या वेळेला, आम्ही निघालो. आक्कानं इस्त्रीचं पातळ नेसलं होतं आणि ती भोंग्याच्या खाली अशी बसली होती, की सगळ्यांना दिसावी. मी माईकवर एवढंच म्हणाले, "हे मालकांचं भाषण आहे. मालकांना बोलायचं स्वातंत्र्य आहे. ऐका." आणि लावून दिलं. प्याल काय रं? न्हाय! मग हशा. पुन्हा पहिल्यापासून. मालकाच्या गल्लीत रिक्षा मुद्दाम सावकाश घ्यायला लावली. आक्का एकेका दाराकडं बघून हात जोडत होती. तिला खोकला येत होता, तो दाबून ती हात जोडत होती. लोक दारातनं आत जाऊ लागले. मी तोंडानं एक शिवी दिली नाही, पण मनात म्हणत होते, ऐका, ऐका भाड्यांनो, तुमचंच आहे.

स्टँडवर हॉटेलासमोर रिक्षा थांबवली. भोंग्यातनं ते हसू आलं, आधी बारीक आणि मग खिंकाळणारं. बाकड्यांवरची माणसं एकदम हॉटेलवाल्याकडं बघायला लागली. त्याची सून आतनं बाहेर आली आणि त्याच्याकडं बघत उभी राहिली. त्यानं गॅस बारीक केला, मोठा केला, परत बारीक केला.

दुपारच्या आत पोलीस आले. परवानगी घोषणांची होती, भाषण वाजवायची नव्हती. रिक्षा ठाण्यात गेली आणि माझ्यावर केस झाली. द्वेषाचं भाषण पसरवून गावची शांतता बिघडवली म्हणून. तक्रार कुणाची, तर मालकाची. चोराच्या मनात चांदणं. जो आवाज कॉम्प्युटरनं बनवलेला होता, तो वाजल्यानं आपली बदनामी झाली असं त्यानं ठाण्यात सगळ्यांसमोर सांगितलं, आणि वर म्हणाला, माझं भाषण माझ्या परवानगीशिवाय लावलंच कसं? पीएसआयनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं, हसू फुटत होतं म्हणून.

संध्याकाळी हॉटेलवाला घरी आला. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशीच उभा राहिला.

"वकीलबाई, ते भाषाण ऱ्हाऊ दे तसंच. तेवढं आमचं हसू त्यातनं काढता येतंय काय बघा की."

"तुमचं हसू? तुम्ही तर दूध आणाय गेलता."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "सून बोलंना झालीया."

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. मी म्हणाले, हसू निघत नाही. पण हसलो ते खरं, आणि मालक बोलला तेही खरं, हे कोर्टात सांगितलं तर सुनेला सांगायला तोंड राहील. तो कणभर घुटमळला आणि तयार झाला. मग आणखी आले. कुणाला आपलं ‘न्हाय’ ओळखू आलं होतं, कुणाच्या पोरानं घरात ओळखलं होतं. सगळ्यांना ते पुसून हवं होतं. मी कुणाचंच पुसलं नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं.

निवडणूक मालकानं जिंकली. उगाच खोटं कशाला सांगू? मतपेटीजवळ कुणी बघत नसतं. पण आक्का निकालाच्या दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन सगळ्यांच्या आधी नळावर गेली आणि भरून आली.

माझ्यावरची केस सीनियर लढवतात. मी बार रूममध्ये जे जे बोलले होते, ते सगळं ते माझ्या बचावासाठी वापरतात, मला आवडत नाही तरी. आणि हे साक्षीदार मिळाल्यावर मालकावर जी केस उभी राहिली, ती बेळगावला चालते. प्रत्येक साक्षीदाराला ते भाषण पहिल्यापासून ऐकवावं लागतं, आणि मालकाला आरोपी म्हणून उभं राहून ऐकावं लागतं. पक्षकारांच्या तारखा लवकर मिळाव्यात म्हणून मी एरवी भांडते. इथं मला अजिबात घाई नाही.

मागच्या तारखेला हॉटेलवाल्याची साक्ष झाली. भाषण वाजलं, हशा वाजला. न्यायाधीशांनी विचारलं, हे कोण हसतंय? तो म्हणाला, "मी, साहेब."

जेवणाच्या सुट्टीत सगळे व्हरांड्यात आले. तिथं माठ असतो, झाकणावर स्टीलचा एकच पेला. मालकाला घाम फुटला होता, तो माठाकडंच निघाला होता. आक्का त्याच्या आधी पोचली. तिनं पेला भरला आणि त्याच्यासमोर धरला.

"प्याल काय, मालक?"

व्हरांड्यात पोलीस होते, पेपरवाले होते, आमच्या गावचे साक्षीदार होते. नको म्हणणं म्हणजे खटल्यात स्वतःच पुरावा देणं, एवढं त्याला कळत होतं. त्यानं आपल्या वकिलाकडं बघितलं. वकील हळूच म्हणाला, "घ्या साहेब, लोक बघालेत." मालकानं पेला घेतला आणि घटाघटा सगळं पाणी पिऊन टाकलं. मग पेला परत द्यायला हात पुढं केला.

आक्कानं हात पदरात घेतले.

"धुऊन पालथा घाला," ती म्हणाली.

मालकाला ते वाक्य कुणाचं हे कळलं. त्याच्या आईचंच होतं. तो नळाशी गेला, पेला विसळला, परत आला आणि माठावर पालथा घातला. आक्कानं शेजारी उभी राहून सगळं बघितलं. मग मला म्हणाली, "पुढची तारीख कवा गं? मी येतो."