अण्णांचं ‘सरी’

मंडळी, एक प्रश्न विचारते. उत्तर मला माहीत नाही. हात गेले, आता जीभही चाललीय, अशा कलावंताला “विश्रांती घ्या” म्हणावं का?

जे. पी. नगरातले अण्णा माझे व्हायोलिनचे गुरू. आजाराने आधी त्यांची बोटं गेली, आता बोलणं जड झालंय. तरी दर रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ते नव्या रचनेचे स्वर सांगतात आणि मी लिहून घेते. आज शेवटची ओळ व्हायची होती.

ओळ सुरू होताच ते म्हणाले, “सरी.”

आपल्याकडे कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक, झालं. मी पेन ठेवलं. त्यांच्या पत्नी, अक्का, कॉफी घेऊन आल्या. अण्णा पुन्हा म्हणाले, “सरी.”

“अहो, किती वेळा सरी? कळलं तिला!” अक्का म्हणाल्या. आम्ही दोघी हसलो.

अण्णांचे डोळे भरले, तेव्हा मला उमगलं. ते ‘सा’ आणि मग ‘री’, म्हणजे रिषभ, असे स्वर सांगत होते. दोन स्वरांमध्ये थांबणं त्यांच्या जिभेला आता जमत नाही. मी घाईने पेन उचललं, पण तोवर नुसता श्वास येत होता.

ती ओळ पूर्ण होईल असं मला वाटत नाही. डॉक्टरांनाही वाटत नाही. तुम्ही काय केलं असतं?

घरातली पहिली पदवीधर मी, ही पहिलीच नोकरी, म्हणून पाळी बदलून मागायला आई नको म्हणत होती. तरी मघाशी साहेबांना फोन करून मी कायमची दुपारची पाळी मागून घेतली. अण्णांना आवाज असतो तो फक्त सकाळी.