मोठ्या काळजाचा साळा

माझ्या साळ्याएवढं मोठं काळीज अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणाचं नव्हतं. हे कौतुकानं नाही म्हणत, डॉक्टरनंच सांगितलं होतं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे नाचणगावात विहिरीवर बैल धुतले ते. तिथं त्याच्या पायात बोरीचा काटा मोडला. पुलगावात एक नवा डॉक्टर आला होता, त्यानं काटा काढला आणि उगाच छातीला नळी लावली. तिथून पुढं घरात काहीच साधं राहिलं नाही.

चालणं ह्या माणसाला ठाऊकच नव्हतं. लग्नाला आमची बैलबंडी आधी निघायची, हा मागून पळत यायचा आणि आम्ही मांडवात पोचेस्तोवर जेवून उठलेला असायचा. मालगाडीशी शर्यत लावायचा. हरला की म्हणे, "भाऊजी, तिले इंजन हाये, मले नाई." पळायचा वाऱ्यासारखा आणि निजायचा मढ्यासारखा. एकदा त्याच्या मामीनं निजलेल्याची नाडी धरली. एक ठोका लागला, दुसरा येईस्तोवर तिला धीर निघेना. तिनं गळाच काढला. हा उठून विचारतो, "कोण मेलं व मामी?"

डॉक्टर म्हणाला, "हृदय मोठं झालंय, ठोके फार हळू पडतात." साळ्यानं पुढचं ऐकलंच नाही. घरोघर गूळ वाटत सुटला, "डाक्टर म्हणते, माह्यं काळीज मोठं हाये!" पुढचं मी ऐकलं होतं. पळाला तर कधीही जाईल. ते मी बायकोला सांगितलं. ती त्याची थोरली बहीण, आईमागं तिनंच वाढवलेला. तिनं त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. "माही शपथ हाये तुले. आता पयाला तं माह्यं मेलं तोंड पाह्यशीन."

झालं. पळणारा माणूस ओसरीवर बसला. गाडीची शिटी वाजली की नुसते पायाचे अंगठे हलायचे. भाकर अर्ध्यावर आली. शेवटी बायकोच म्हणाली, "असा ठेवून काय करू याले? नागपूरच्या मोठ्या डाक्टरले दाखवा ना जी."

तिथं हातापायाला, छातीला तारा लावल्या. काळजाच्या विजेनं म्हणे कागदावर रेघ उमटते. उंच उंच टोकं आणि मधात लांब सपाट.

"साहेब, मधात एवढं रिकामं काऊन?"

"तेवढा वेळ तुझं काळीज आराम करतं," म्हातारा डॉक्टर हसला. मग त्याला दमेस्तोवर जिना चढवला-उतरवला, पुन्हा तारा लावल्या. म्हणाला, "हे आजारानं सुजलेलं नाही, पळून कमावलेलं आहे. एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं, म्हणून घाई करत नाही. खुशाल पळ."

घरी आलो तर बायको दारातच उभी. "काय म्हणे डाक्टर?"

"मोठंच हाये बाई!"

या वेळी गूळ तिनं वाटला. लोक विचारत, कायचा व? ती म्हणे, "माह्या भावाच्या काळजाचा!"

ती गेली आता. जाताना मलाही शपथ घालून गेली, रडायचं नाही म्हणून. ती सोडवणार कोण?

त्याची मात्र सुटली. नागपूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो धोतर खोचून अंगणात उभा राहिला. डॉक्टरनं सांगितलं तरी पाऊल उचलेना. बायको सडा टाकत होती.

"बाई, सुटली म्हण."

तिनं हातातली बादली खाली ठेवली. त्याच्या छातीवर तळवा ठेवून तो सावकाश ठोका तिनं आधी लागू दिला, मग दुसरा.

"सुटली," ती म्हणाली.

आणि हा सुटला.