तार, खडे आणि बुधवार

तारेचे तुकडे आणि किस्से, दोन्ही कुणी मुद्दाम साठवत नाही. पकडीनं तार कापली की तुकडा टुणकन कुठंतरी उडतो. सतरंजीत शिरतो, सोफ्याखाली जातो. झाडूला सापडत नाही. मग कधीतरी अनवाणी चालताना टाचेत घुसतो आणि आपण "आई गं!" म्हणून खाली बसतो. लोणावळ्यातल्या आमच्या घरात असे तुकडे पुष्कळ. खड्यांना तांब्याची तार गुंडाळून दागिने करायचा छंद माझ्या बायकोला, सुनंदाला होता. माझ्याकडं फक्त टाचा होत्या.

दर बुधवारी दुपारी तिच्या मैत्रिणी जमायच्या. त्या बुधवारी ती सकाळीच तळेगावला भावाकडं गेली होती. जाताना म्हणाली, "मी येतेच. बायका आल्या तर चहा तेवढा टाका."

बायका आल्या. मी चहा टाकला. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, ताई गेली."

"कितीच्या गाडीनं?" मी विचारलं.

पलीकडं तो रडायला लागला, तेव्हा मला त्या क्रियापदाचा अर्थ कळला. मी कॉलेजात आयुष्यभर मराठी शिकवलं आहे! भावाच्या घराजवळच्या घोरावाडी स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघत ती बाकावर बसली होती. तिथंच.

चहा उकळला होता. मी तो गाळला आणि बाहेर नेऊन दिला. त्यांच्यातली मंगल एक घोट घेऊन म्हणाली, "सर, साखर इसरला."

मग मी सांगितलं.

*

तेरावं झालं. त्यानंतरच्या बुधवारी दुपारी बेल वाजली. माझं वाक्य तयार होतं : "पुढच्या बुधवारपासून येऊ नका." कर्ता गुप्त, क्रियापद सौम्य. दार उघडलं.

"सर, गोल पक्कड कुटंय? ताईंच्या डब्यात आसंल," असं म्हणत मंगल आत गेलीसुद्धा! मागोमाग बाकीच्या दोघी.

या तिघींची ओळख करून देतो. मंगल टाकवे बुद्रुकची, घरची शेती, सासऱ्यांची विहीर खणली तेव्हा मलब्यात चमकते खडे निघाले, ते घेऊन ती सुनंदाकडं आली आणि इथलीच झाली. गायकवाड मॅडम रेल्वेच्या तिकीट खिडकीवर असतात, त्यांची साप्ताहिक सुट्टी बुधवारची. आणि नेहा एका चिक्कीच्या दुकानाची सून, वयानं सगळ्यांत लहान आणि धंद्यात सगळ्यांत मोठी.

माझी अडचण साधी होती. मी आतल्या खोलीत बसलो की बाहेरून पकडीचा टक्-टक् आवाज यायचा, आणि सुनंदा बाहेर बसली आहे असं वाटायचं. सबंध दुपार असं वाटायचं आणि संध्याकाळी बायका घरी जायच्या. दर आठवड्याला हे मला झेपणारं नव्हतं.

त्यांना माझं वाक्य न सांगता कळलं होतं. मी घसा खाकरला की कुणीतरी लगेच काहीतरी विचारायचं. एकदा मंगल खाली मान घालून, तारेलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "घरी लय वार हायेत. बुधवार येकच हाय."

मी पुन्हा आत गेलो.

*

नेहानं एका हॉटेलच्या आवारात शनिवार-रविवारचा स्टॉल मिळवला. मला सामान उचलायला नेलं होतं. गॉगल डोक्यावर चढवलेल्या एक बाई आल्या आणि मंगलच्या हातातलं पेंडंट निरखून म्हणाल्या, "ये स्टोन क्या करता है?"

हल्ली प्रत्येक खड्यानं काहीतरी करावं लागतं. कुणी झोप आणतो, कुणी लग्न जुळवतो. मंगलला हे ठाऊक नव्हतं.

"काय करतोय?" ती म्हणाली. "गप पडून ऱ्हातोय!"

नेहानं क्षणाचाही वेळ न घालवता भाषांतर केलं, "मॅम, इट्स फॉर इनर स्टिलनेस."

बाईंनी डोळे मिटून खडा छातीशी धरला. "आय कॅन फील इट!" म्हणाल्या, आणि मैत्रिणीसाठी आणखी एक घेतला.

त्या गेल्यावर मंगलनं नोटा मोजून डब्यात टाकल्या. मग म्हणाली, "नेहा, फुडच्या शनवारी आमच्या मालकांनाच तार गुंडाळून आनते. त्यांच्याइतकं गप पडून तर कोनच ऱ्हात न्हाई!"

*

दागिने बघायला घरी येणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी गायकवाड मॅडमना विचारलं, "शनी कडक चाललाय हो. कुठला खडा घालू? तुम्ही तुमच्या शनीला काय करता?"

"आमच्याकडं शनी नाही," मॅडम तारेवरची नजर न काढता म्हणाल्या. "आमच्या आजोबांनी छप्पन्न साली सगळ्यांना एकदम निरोप दिला. त्यात शनीपण गेला."

"अगंबाई! मग काही त्रास नाही होत?"

"होतो की. पण तो हेड ऑफिसातनं होतो, आकाशातनं नाही."

*

शेजारचे पाटणकर काका रिटायर झाल्यापासून कुठल्याही बेलच्या आवाजाला बाहेर येतात. एका बुधवारी ते एक छोटी काचेची बाटली घेऊन आले. आत करडा, खरबरीत, हरभऱ्याएवढा खडा.

"याचं पेंडंट होईल का? चांदीच्या तारेत. हिला वाढदिवसाला द्यायचंय."

नेहानं खडा तळहातावर घेतला, उजेडात धरला, नखानं खरवडला. "टेक्स्चर छान आहे काका. कुठला? नाशिककडचा?"

"छे छे! माझा स्वतःचा," काका अभिमानानं म्हणाले. "गेल्या महिन्यात काढला. किडनीतला."

नेहा उठून हात धुवायला गेली ती बराच वेळ नळापाशीच. काका आमच्याकडं वळून म्हणाले, "ओरिजिनल आहे हो! सोनोग्राफीचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडं!"

पेंडंट झालं. मंगलनं केलं. तिचं म्हणणं, शेण सारवणाऱ्या बाईला असल्या गोष्टींचं काय! काकू ते घालतात की नाही, हे विचारायची आमच्यात कुणाची हिंमत नाही.

*

आत बसून आवाज ऐकण्यापेक्षा बाहेर बसून तो करावा, असं मला एका बुधवारी वाटलं. मी सतरंजीवर जाऊन बसलो. गायकवाड मॅडमनी फक्त थोडं सरकून जागा केली. रेल्वेत हे सहसा होत नाही.

माझ्या हातात खडा टिकेना. वेढा दिला की तो खालून निसटायचा. मी तार सरळ करायचो, विचार करायचो, पुन्हा वेढा द्यायचो, पुन्हा विचार करायचो.

मंगलला राहवेना. "सर, तारंला समजावून सांगू नका. पीळ द्या!"

"देतोच आहे."

"कुटं? नुसतं लेक्चर चाललंय."

त्या दिवशी मी जे केलं त्याला नेहा ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हणाली. गायकवाड मॅडम म्हणाल्या, "वेटिंग लिस्ट." मंगलनं खडा सोडवून घेतला, कारण खडा चांगला होता.

*

सुनंदाचे एक चुलतभाऊ नागपूरला असतात. त्यांना भेटायला यायला उशीर झाला होता. फोन न करता आले, चेहरा दाराबाहेरच गंभीर करून आले, आणि दार उघडं होतं म्हणून थेट आत आले.

मी सतरंजीवर बसलो होतो. नेहाच्या गळ्यातल्या पेंडंटची कडी उलटी लागली होती आणि ती मी वाकून बघत होतो. मंगल कशाला तरी खदाखदा हसत होती. पाटणकर काका भजी खात होते.

पाहुणे दारातच थांबले. आणलेला चेहरा कुठं ठेवावा, ते त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "बरं वाटलं. तुम्ही फारच लवकर सावरलात!"

मी चहा टाकायला उठलो. मागून मंगलचा आवाज आला, "व्हय, लय सावरल्यात. अजून च्यात साखर टाकत न्हाईत."

पाहुण्यांना वाटलं, मला मधुमेह आहे. जाताना कारल्याच्या रसाची कृती सांगून गेले.

*

पाहुण्यांचं ते ‘सावरलात’ मात्र टाचेत घुसलं. पुढच्या बुधवारी ते तयार वाक्य सांगून टाकायचंच, असं मी ठरवलं.

त्या दिवशी मंगलबरोबर तिचे सासरे आले होते, आबा. डोळे दाखवायला लोणावळ्यात आणलं होतं. त्यांच्याच विहिरीच्या मलब्यात सुनंदा खडे वेचायला जायची. आबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले. आत काम अडलं होतं, तार संपली होती. नेहानं ऑनलाइन मागवली होती, पण ती काही केल्या येत नव्हती. खातं सुनंदाचंच होतं. त्यावरचं नाव बदलायला कुणाला वेळ झाला नाही, असं आम्ही म्हणायचो.

सगळ्यांचे हात मोकळे होते. याहून बरी वेळ मिळणार नव्हती. मी घसा खाकरला. या वेळी कुणी काही विचारलं नाही.

"मला एक सांगायचं आहे," मी म्हणालो.

तिघींच्या माना खाली गेल्या. तेवढ्यात फाटक वाजलं आणि गायकवाड मॅडम ताडकन उठून धावल्या. "आली! आली! तार आली!"

त्यांनी पुडकं सही करून घेतलं आणि त्या वळल्या, तर आबा खुर्चीतून उठून उभे. मी बाहेर आलो.

"सर," आबांनी विचारलं, "कुनाची तार?"

मॅडमनी पुडक्यावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"सुनंदाची," मी म्हणालो.

आबांनी टोपी काढली. हळूहळू खाली बसले. मंगल दारात आली होती. सुनंदा गेली तेव्हा आबांचंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिनं त्यांना काही सांगितलं नव्हतं, आणि नंतर सांगवलं नव्हतं.

"उनातान्हाची यायची," आबा म्हणाले. "म्या म्हनायचो, पोरी, हितं काय घावतंय तुला दगडांत? तर हसायची निस्ती." मग विचारलं, "कवा झालं?"

"मागच्या वर्षी."

आबांनी मॅडमच्या हातातल्या पुडक्याकडं बघितलं.

"आन् तार आत्ता आली?"

"व्हय आबा," मी म्हणालो. "आत्ताच आली."

"पोष्टाचा कारभार!" आबा म्हणाले, आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. कुणी हसलं नाही. गायकवाड मॅडम चहा टाकायला आत गेल्या.

त्या दिवशी पुडकं कुणी उघडलं नाही. मला जे सांगायचं होतं, ते सांगायचं राहिलं.