पायानं आलेल्याचा वाटा

अख्ख्या वडसा तालुक्यात बेशरमाच्या झुडपाशी समोरासमोर भांडून त्याला माघार घ्यायला लावणारा माणूस एकच, आणि तो माझा मामसासरा आहे. बेशरम म्हणजे ती जांभळट फुलांची परदेशी वनस्पती. तलावाच्या काठाला लागली की काठच गिळते. तोडली तर फुटते, फेकली तर पडेल तिथे रुजते. बायकोचे हे मामा झाडीपट्टीच्या नाटकांत जन्मभर खलनायक रंगवत आले. पुढचे दात पडल्यावर धमक्या फुसफुसायला लागल्या म्हणून कंपनीवाल्यांनी त्यांना घरी बसवलं, तेव्हा अंगात साठलेला सगळा दुष्टपणा त्यांनी बेशरमावर काढायला घेतला. सकाळचा चहा झाला की कुदळ खांद्यावर टाकून ते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जातात आणि झुडूप मुळासकट उपटताना त्याला स्टेजवरच्या आवाजात दरडावतात, "बोल नराधमा, कोणाच्या हुकमानं या राज्यात शिरलास?" बदलून आलेल्या नव्या मास्तरीणबाई पहिल्याच दिवशी हे ऐकून वर्ग सोडून सरपंचांच्या घरी धावल्या होत्या. तलावावर कोणाचा तरी मुडदा पडतोय, अशी त्यांची खात्री झाली होती.

मामांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे. जगात जे जे आहे ते एक तर आपल्या पायानं आलं, नाही तर कोणी तरी गाडीत घालून आणलं. पंख, पोहणं आणि सरपटणं हे सगळं ते पायांतच धरतात. पायानं आला तो पाहुणा. गाडीनं आणलेल्याचा भरवसा धरू नये. रायमुनिया म्हणजे घाणेरी, गाजरगवत, बेशरम ही सगळी गाडीवाली. एकदा त्याच मास्तरीणबाईंनी सूड म्हणून त्यांना सांगितलं, की मिरची, बटाटा, टमाटर आणि पेरू हेसुद्धा जहाजातून आणलेले आहेत. मामांचा चेहरा असा पडला की बाईंनाच वाईट वाटलं. त्या दिवशी ते फिकं वरण आणि भात गिळून झोपले. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले, ठेच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि निकाल दिला, "मिरची आता घरची सून होऊन गेली. सुनेले कोनी परत धाडते का?" बटाट्याचा निकाल अजून राखून ठेवलेला आहे, पण खाणं चालू आहे.

स्वतः ते एसटीत बसतात, पण कुठल्याही गावात गाडीतून शिरत नाहीत. अलीकडच्या फाट्यावर उतरतात आणि तिथून चालत येतात. माझं लग्न आमच्या गावी, भद्रावतीला होतं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. वऱ्हाडाची गाडी पोचली, नवरी पोचली, मामा मात्र कोळसा खाणीच्या वळणावरच उतरून गेले होते. मुहूर्त टळला, भटजींनी दुसरा शोधला, तोही टळायला आला तेव्हा गुडघ्यापर्यंत काळे होऊन मामा मांडवात शिरले आणि माझ्या वडिलांना नमस्कार करून म्हणाले, "घ्या, आता मी आलो. आतापर्यंत मले नुसतं आनून राह्यले होते." पुढे मी घरजावई म्हणून या गावात आलो, तो भांड्याकुंड्यांसह टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून. मामा दारात उभे होते. टेम्पोकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघितलं, एवढंच.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. पण पुढचं सांगायचं तर एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. गावातल्या मच्छीमार सोसायटीचा मी सचिव आहे, आणि आमच्या तलावात मांगूर टाकला तो मी. आपला देशी मांगूर नव्हे. तो मिशाळ परदेशी, कुठल्याही घाणीत वाढणारा, पाळायला सरकारने बंदी घातलेला. मासळी कमी निघायला लागली होती, एक टेम्पोवाला ड्रममध्ये बीज घेऊन फिरत होता, आणि मला शहाणपण सुचलं. मांगूर वाढला, मांडीएवढा झाला, आणि झिंगे, शिंगी, मरळीची पिलं, जे तोंडापुढे येईल ते खात सुटला. ही माझी करणी गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणीच मला तोंडावर बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मामा तेवढं एकदाच म्हणाले, "जवाईबापू, तुमी तं बेशरम पान्यातबी लावलं." आणि लगेच खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, पुडी माझ्यापुढे धरली.

अशातच मागच्या हिवाळ्यात तलावात पाणमांजरं आली. एक जोडी, मागे पिलं. कुठून आली, कोणाला कळलं नाही. सकाळी जाळी फाटलेली दिसायची, काठावर अर्धवट खाल्लेले मासे. सोसायटीची बैठक बसली. अध्यक्षभाऊ हे गावातलं सर्वांत मोठं पोट आणि सर्वांत मोठा आवाज. त्यांनी मुद्दा बिनतोड मांडला. मांगूर बाहेरचा होता, त्याने अर्धा तलाव खाल्ला. ही जनावरंही बाहेरची, ती उरलेला अर्धा खातील. वनखात्याला सांगून पिंजरा लावायचा आणि गाडीत घालून लांब पाठवून द्यायची. मागून कोणी तरी हळूच म्हणालं, पिंजऱ्याची वाट कोण बघतं, माशात औषध भरून ठेवलं की झालं. मी मान खाली घालून बसलो होतो. माझ्याच चुकीचा दाखला देऊन त्या पिलांचा निकाल लागत होता.

मामा उठले. आमच्याकडे एक रीत आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळ्या गावाचं मोठं जाळं पडतं, आणि जाळं ओढताना पाळीवर जो कोणी चालत येऊन उभा असेल, मग तो कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा असो, त्याला एक वाटा द्यायचा. मामांनी तीच रीत पुढे केली.

"ते पायानं आलं हाय," ते म्हणाले. "पाळीवर उभं हाय. त्याचा वाटा तुमी काऊन नाई देत?"

"मामा, पायानं आलं हे पाहिलं कोनं?" अध्यक्षभाऊंनी विचारलं. "उद्या तुमी म्हनान, मोर्चा घेऊन आलं."

"दाखवतो. आन् मोठ्या जाळ्यात मासोळी कमी निंगाली, तं माह्या वाट्यातून कापा. सगळाच कापा."

नाटकं बंद झाल्यापासून मामा-मामींचं उन्हाळ्याचं पोट त्या वाट्यावर आणि त्या वाट्यातून वाळवलेल्या सुकटीवर चालतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मामींनी घरी त्यांच्याशी चार दिवस बोलणं टाकलं.

दुसऱ्या सकाळी मामा अख्ख्या सोसायटीला घेऊन नाल्याने निघाले. माग काढण्यात ते उस्ताद असतील असा कोणाचा समज होऊ नये. पहिला ठसा त्यांनी मोठ्या ऐटीत दाखवला, तो त्यांच्याच कुत्र्याचा निघाला. कुत्रा शेजारी शेपूट हलवत उभा होता. दुसरा म्हशीचा. अध्यक्षभाऊ म्हणाले, "मामा, हे पानमांजर दूध किती देते?" सगळे हसले, मामाही हसले आणि पुढे चालत राहिले. धानाचे कापलेले बांध, मोहाची झाडं, डांबरी सडकेखालची मोरी असं करत आम्ही पार नदीच्या अंगाला आलो, आणि तिथल्या ओल्या गाळात ते होते. बोटांमध्ये पडदा असलेले रुंद पंजे, मागे शेपटीची ओढ, आणि बाजूबाजूने धडपडत चाललेल्या पिलांची बारीक नक्षी. सगळ्या ठशांची तोंडं आमच्या गावाकडे. वैनगंगेतून निघून, सडकेखालून, लेकरं सांभाळत हे कुटुंब चालत आलं होतं. अध्यक्षभाऊ उकिडवे बसले, ते बसले की सहसा लवकर उठत नाहीत. पिलाच्या ठशाशेजारी त्यांनी आपलं बोट टेकवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "लयच लहान हायेत बे."

परतताना तलावाच्या दगडावर मोठा नर बसला होता. त्याच्या पंजांत मिशाळ मांगूर होता, माझा, आणि तो त्याला डोक्याकडून काकडीसारखा कडाकडा चावत होता. आम्ही सगळे पाळीवर पुतळ्यासारखे उभे. माझ्या आयुष्यात इतका सुंदर आवाज मी ऐकलेला नाही. औषधाचं नाव पुन्हा निघालं नाही. पिंजऱ्याचा विषय आला तेव्हा मी हात वर करून स्पष्ट सांगितलं, की मी आणलेल्याचा गुन्हा चालत आलेल्यावर घालू नका. बैठकीतलं माझं ते पहिलंच भाषण, आणि तेही तेवढंच.

पाणमांजर काही सोवळं नाही. ते मरळही खातं, जाळीही फाडतं. आम्ही उन्हाळ्यापर्यंत धास्तावलेलेच होतो. मामा तर बेशरमाला शिव्या घालायचंही विसरत होते. मोठं जाळं पडलं त्या दिवशी सगळं गाव पाळीवर होतं. जाळं ओढलं, तर मांडीएवढे मांगूर जवळजवळ नाहीतच. रोहू होते, शिंगी होत्या, मूठमूठ झिंगे होते. आणि काठाच्या उथळ पाण्यात, कित्येक वर्षांनी, मरळीच्या पिलांचा लालभडक थवा गुलालासारखा पसरला होता, खाली त्यांची आई पहारा देत होती. वाटे पडले. कोणाचाच कमी भरला नाही. अध्यक्षभाऊंनी मामांचा वाटा आपल्या हाताने त्यांच्या टोपलीत ओतला, मग आणखी एक वाटा उचलला आणि त्या दगडावर नेऊन ठेवला. तेव्हा मामा हसले. ते खलनायकाचं सातमजली हसू होतं, दातांशिवायचं, पण तलाव ओलांडून पलीकडच्या सागाच्या रानावर आदळून परत आलं. मामी डोळे पुसत म्हणाल्या, "आता घरी चाला, मासोळी वास मारते."

पावसाळा सरला तशी पाणमांजरं दिसेनाशी झाली. आधी पिलं, आता चांगली थोराड झालेली, मग जोडीही. काही दिवसांनी वरच्या अंगाच्या गावाहून बोंब आली, की त्यांच्या तलावावर कसली तरी जनावरं आली आहेत आणि जाळी फाडतायत. त्यांच्याही तलावात मांगूर आहे. बातमी ऐकून मामांनी गावभर साखर वाटली. लेकीला मोठं घर मिळाल्यासारखे मिरवत होते. संध्याकाळी मात्र ते एकटेच पाळीवर बसलेले दिसले. मी शेजारी जाऊन बसलो. पाणी अगदी निवांत होतं, फार निवांत. पाण्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "जवाईबापू, तिथली मानसं त्याईले वाटा देतीन ना?"

त्या गावची माणसं मी ओळखतो. तरी म्हटलं, "देतील, मामा." आणि सकाळी तिकडे जाऊन सगळं सांगायचं ठरवून टाकलं. चालतच.