काटेभाऊंची खेळी

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. खालच्या मजल्यावर कोणी शिंकलं की वरच्या मजल्यावर काढा उकळायला लागतो, मधला निरोप मी पोचवते, असं माझा नवराच सांगत फिरतो. तरी एक गोष्ट मी पाच वर्षं पोटात ठेवली. जिच्यापासून ती लपवायची होती ती सिस्टर आता बदली होऊन दुसऱ्या गावी गेली आहे, आणि वाचायला सवड मिळणाऱ्यांतली ती नव्हे. म्हणून आज कुलूप काढते.

गोष्ट काटेभाऊंची. आमच्या लाकडी जिन्याखाली एक तिरपी खोली आहे, तिथे ते वजनकाटे दुरुस्त करतात. पुढे दुकान, मागे खाट. लग्न केलं नाही. भिंतीवर पारडी टांगलेली, फळीवर पितळी वजनं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एका रांगेत, शाळेच्या फोटोला उभी केल्यासारखी. काटा तपासताना माणूस श्वाससुद्धा तोंड बाजूला करून घेणार. मी दुकानात शिरून काही सांगायला लागले की एक बोट वर. काटा हलायचा थांबला की बोट खाली. "हं वहिनी, काय म्हणत होतात?" तोवर मी काय म्हणत होते ते माझ्याच लक्षात नसायचं. माझ्या बाबतीत हे फक्त तिथेच घडलं आहे.

दर रविवारी चार वाजता पहिल्या मजल्यावर बाईंच्या घरी आमचा ल्युडोचा डाव असायचा. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. पस्तीस वर्षं पोरांना शिस्त लावली, आता पोरं नाहीत म्हणून आम्हाला लावतात. चौघांचा डाव: बाई, तिसऱ्या मजल्यावरची, इस्पितळातली सिस्टर, जिन्याखालचे काटेभाऊ आणि मधल्या मजल्यावरची मी.

माणूस कसा आहे ते खेळताना कळतं म्हणतात. बाई मारायला खेळायच्या. स्वतःची सोंगटी घरात जायला एक पाऊल उरलेलं असलं तरी ती सोडून दुसरीने कोणाला तरी मारणार. आणि मारलेली सोंगटी दोन बोटांत उचलून अशी परत ठेवणार, जशी काही वर्गाबाहेर उभी केली. सिस्टर धावायला खेळायची. एकच सोंगटी काढायची आणि पळवत सुटायचं; आजूबाजूला कोण दबा धरून बसलंय ते बघायचंच नाही. मी गप्पा मारायला खेळायचे, आणि सांगायला लाज कसली, लबाडी करायला. चार पडले की बोलता बोलता पाच घरं जायचं. हात बोलण्याच्या भरात पुढे जातो, त्याला मी काय करणार?

आणि काटेभाऊ विचार करायला खेळायचे. फासा पडला की हात मांडीवर, डोळे पटावर, आणि आम्ही तिघी टांगलेल्या पारड्यांसारख्या. एकदा त्यांची खेळी होईपर्यंत मी वर घरी जाऊन गॅस बंद करून, वाटेत जिन्यात दोघांशी बोलून परत आले. सोंगट्या होत्या तिथेच होत्या.

"भाऊ, ल्युडो आहे. रॉकेट सोडायचं नाहीये," बाई म्हणायच्या.

"हो, हो. झालंच."

एवढा विचार करून हा माणूस कधी जिंकायचा नाही. कायम तिसरा, नाहीतर शेवटचा. मी मागे नावं ठेवायचे, "एवढं वजन करून माल कधीच विकत नाहीत." वर मला पकडायचे ते वेगळंच. "वहिनी, चार पडले होते. पाच घरं गेलात." कधी पकडायचे, कधी मात्र चक्क खिडकीबाहेर बघत बसायचे. मला वाटायचं, नजर चुकली.

दोन वर्षं असं चाललं. मग एका रविवारी बाईंनी वाळूचं घड्याळ आणलं. उलटं केलं की एका मिनिटात वाळू खाली. "वाळू संपली की पाळी गेली. नियम सगळ्यांना सारखा," असं म्हणाल्या, पण बघितलं काटेभाऊंकडेच.

त्या दिवशी गंमत झाली. चार वेळा काटेभाऊंची वाळू संपली. त्यातल्या एकदा तर त्यांच्यासमोर सरळ खेळी होती. त्यांची पटावर एकच सोंगटी, फासा दोनचा, आणि दोन घरं पुढे सिस्टरची सोंगटी. आंधळ्यानेही मारली असती. काटेभाऊ वाळूकडे बघत बसले. शेवटचा कण पडला तसा म्हणाले, "गेली माझी पाळी."

बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "मुद्दाम करताय. घड्याळ आणलं म्हणून आमचा खेळ नासवताय."

"नाही हो बाई. जमलं नाही."

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "या माणसाला हरायचं नसतं आणि जिंकताही येत नाही. माझा रविवार फुकट जातो." सिस्टर जांभई देत म्हणाली, "खरंच कंटाळा येतो हो. मला एवढीच सुट्टी असते." मी काय, हो ला हो. ठरलं. खेळ काही दिवस बंद आहे असं त्यांना कळवायचं, आणि आम्ही तिघींनी खेळायचं. कळवायचं काम कोणाकडे आलं ते सांगायला नको.

मी दुकानात गेले. "भाऊ, बाईंचे गुडघे धरलेत. आता काही रविवार डाव नाही."

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. आठवड्यातला तो दीड तास सोडला तर हा माणूस कोणाच्या घरात बसलेला मी बघितला नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. "बरं," म्हणाले. मग मागे खाटेपाशी गेले आणि गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आले. "बाईंना द्या. झाकण घट्ट लावायला सांगा, थोडं ढिलं आहे."

बाईंनी ती पिशवी कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवली. काटेभाऊंच्याच खुर्चीवर. आम्ही खेळत होतो आणि ती तिथे बसून बघत होती.

डाव झटपट झाला. एका रविवारात तीन तीन डाव. पहिल्या डावात बाईंनी सिस्टरची सोंगटी चार वेळा मारली. दुसऱ्यात पाच वेळा, आणि त्यातली एक घराच्या दारात. मीही दोनदा मारली, फासा पडला तर मी काय करणार? सिस्टर आधी हसली, मग हसायची थांबली. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तिने निरोप पाठवला, ड्यूटी आहे. पण तिच्या चपला दाराबाहेर होत्या. मी गच्चीवरून खाली येतानाच बघितल्या. माझं कामच ते.

बाई आणि मी दोघीच पट मांडून बसलो. बाई म्हणाल्या, "नशीबच फिरलंय हिचं. आधी बरं खेळायची."

"आधी बरं कुठे खेळायची?" मी म्हटलं. "अशीच खेळायची. पण मरायची नाही एवढी."

बोलले, आणि फासा माझ्या हातातच राहिला. कोणाकडे कोण किती वाजता आलं हे मला दहा वर्षांचं पाठ असतं. तरी आठवून आठवून दमले, पण दोन वर्षांत काटेभाऊंनी सिस्टरची सोंगटी मारलेली एकदाही आठवेना. आठवलं ते भलतंच. सिस्टरच्या मागे बाई लागल्या की काटेभाऊंची सोंगटी नेमकी बाईंच्या तोंडासमोर येऊन बसायची आणि मरायची. आणि माझी लबाडी? सिस्टरच्या अंगावर जात असली की "वहिनी, चार पडले होते". एरवी खिडकी.

मी फासा तिथेच टाकून खाली गेले.

काटेभाऊ एक छोटा काटा जुळवत होते, वर झोळीसारखं पारडं, तान्ह्या बाळांचं वजन करायचा. बोट वर. मी थांबले. या वेळी जे म्हणायचं होतं ते विसरले नाही.

"भाऊ, तुम्ही तासतासभर बसायचात ते सिस्टरला वाचवायला?"

बोट खाली आलं. पारड्यातलं वजन त्यांनी फळीवर जागच्या जागी ठेवलं. मग म्हणाले, "वरून फाशाची डबी वाजते, वहिनी. जिना लाकडी आहे. पहिल्याच रविवारी कळलं."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. "मग खडसावायचं तरी होतं आम्हाला."

"कशाला? माझ्यामुळे रटाळ व्हायचं, हे खोटं नाही." त्यांनी झोळी फडक्याने पुसली. "तिच्या वॉर्डात हा काटा बसवायला गेलो होतो. दीड किलोचं बाळ होतं. आठवडाभर तिच्या हातात काय काय येतं ते एक तास बघितलं. त्यातली सगळीच काही घरी जात नाहीत." फडक्याची घडी घालत म्हणाले, "रविवारी जिंकली तर ती जिना दोन दोन पायऱ्यांनी चढते. हरली तर एकेक. इथे खाली सगळं ऐकू येतं."

"मग आम्हाला सांगायचंत. आम्हीही नसती मारली."

"मग तो खेळ झाला नसता. तिला कळलं असतं की आपल्याला जिंकवतायत. ती काय लहान आहे?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही..."

"नाही सांगणार."

ते हसले. माझ्यावर विश्वास ठेवायची ती पहिलीच वेळ असावी, कोणाचीही.

बाईंना मी एवढंच सांगितलं, की तिघींत मजा येत नाही, सिस्टर रुसली आहे, आणि चौथा माणूस नसेल तर मीही येत नाही. बाई म्हणाल्या, "आणि त्यांचं ते ध्यान लावून बसणं?" मी म्हटलं, "बसू दे. तेवढ्यात मी तुम्हाला माझ्या शेजारची नवी बातमी सांगेन." बाई विरघळल्या. शिस्त असली तरी कान सगळ्यांनाच असतात. वाळूचं घड्याळ मी पदराआड घरी नेलं. बाई अजून शोधतायत.

पुढच्या रविवारी काटेभाऊ आले. दारात जरा घुटमळले. बाईंनी खुर्चीवरची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "गुडघे बरे आहेत आता. बसा."

"झाकण गळलं नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि उगाचच पट सरळ करत बसल्या.

डाव मुंगीच्या पावलाने चालला. काटेभाऊंचे डोळे पटावर, आणि माझे त्यांच्या डोळ्यांवर. आता मला दिसत होतं ते कोणाची घरं मोजतायत. शेवटी अशी वेळ आली, की सिस्टरची एकच सोंगटी उरली, घराला सात-आठ पावलं, मागे बाई टपलेल्या, आणि काटेभाऊंच्या सोंगट्या लांब. काही करता येण्यासारखं नव्हतं. पाळी माझी. मला तीन पडले.

आमच्यात नियम असा, की एका घरात आपल्या दोन सोंगट्या बसल्या की मागच्याची वाट बंद. बाई आणि सिस्टर यांच्या मधे माझी एक सोंगटी होती. दुसरी तिच्या मागे, चार घरांवर. मी बाईंना म्हटलं, "अहो, ते माझ्या शेजारचे, काल सामान घेऊन कुठे गेले माहितीये?" आणि बोलण्याच्या भरात हात चार घरं गेला.

जोडी बसली. काटेभाऊंनी पट बघितला. ओठ हलले, एक, दोन, तीन, चार. माझ्याकडे बघितलं.

"वहिनी..."

"काय हो भाऊ?"

"काही नाही," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

साडेपाचला आम्ही उठलो. काटेभाऊ खाली गेले, आणि मी कधी नव्हे ती गप्प दारात उभी राहिले. सिस्टर जिना चढत होती, दोन दोन पायऱ्यांनी. खाली दुकानाचं दार उघडल्याचा आवाज आला, पण लागल्याचा आला नाही. तिसऱ्या मजल्यावर तिची कडी वाजली, मगच ते हळूच लागलं.