आपा मध्येच हसायच्या

कुराण शिकवता शिकवता हसणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या आपा. पूर्णेला रेल्वे क्वार्टरांमागच्या गल्लीत दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर त्या आम्हा पोरींना घरी शिकवायच्या. एखाद्या आयतीपाशी अचानक थांबायच्या, ओढणीचं टोक तोंडाला लावायच्या आणि खांदे हलेपर्यंत हसायच्या. आम्ही बुचकळ्यात पडायचो.

अर्थ कळल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, हा त्यांचा हेका. मी एकदा धडाधडा पाठ म्हणून दाखवलं, तर म्हणाल्या, "किताबा लादलेल्या गाढवाची मिसाल खुद्द अल्लाहनं दिलीय, बाई. ते गाढव आपल्या मोहल्ल्यात नको." आम्ही हसून लोळलो. बोलणं गल्लीभर झालं आणि मशीद कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजीसाहेब चिडले. त्यांना चारचौघांत भरभर पाठ म्हणून दाखवायचा भारी सोस. टोमणा आपल्यालाच, असं त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी ते चार माणसं घेऊन दारात आले. त्यांत माझे अब्बाही होते. आपा पडद्याआड, आम्ही त्यांच्या मागे.

"कलामपाकावर, कुराणावर हसायलेत म्हणं हितं," हाजीसाहेब म्हणाले. "जुम्याला मशिदीत ऐलान करतो. पोरी धाडू नका म्हणून."

आपांना मूलबाळ नव्हतं, मियाँ कधीच गेलेले. आमचा कलकलाट थांबला असता तर त्या घरात उरणार काय होतं?

आपांनी मला मुंगीची आयत पढायला लावली. मी पढले, अर्थही सांगितला. मुंगी बाकीच्या मुंग्यांना म्हणते, घरात शिरा, नाहीतर सुलेमान आणि त्याची फौज तुम्हाला तुडवील, आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. ते ऐकून सुलेमान पैगंबर हसला.

"हसला म्हणून मी न्हाई लिहिलं, हाजीसाहेब," आपा म्हणाल्या.

"ते नबी होते. तुमी कोण?"

"मी मुंगी. फौज दारात आलीय, म्हणून पोरींना घरात घेऊन बसले."

तेवढ्यात अब्बा फिसकन हसले. हाजीसाहेबांनी नुसतं वळून त्यांच्याकडे पाहिलं. अब्बांनी ओठ मिटले आणि मान खाली घातली.

जुम्याला ऐलान झालं. आपांकडून पहिली पोर काढली ती अब्बांनी, ती पोर म्हणजे मीच. हसले होते ना, ते निस्तरायचं होतं. त्या गोष्टीचा राग मला आजही येतो. महिनाभरात बाकीच्या पोरीही गेल्या.

आपा नांदेडला भाच्याकडे कायमच्या निघाल्या तेव्हा मी कुणाला न सांगता स्टेशनवर गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या. हाजीसाहेबांचं नावही त्यांनी काढलं नाही.

"अब्बा हसतात का गं अजून?"

"हसतात. घरात, दार लावून."

त्यांचा चेहरा उतरला. गाडी हलली तसा त्यांनी गजातून माझा हात घट्ट धरला.

"तू दार उघडं ठिवून हसत जा," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. तेव्हा मात्र मी हमसून हमसून रडत होते.